मार्चअखेरचं उड्डाण

मी जव्हारच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि माझ्या टेबलावरून वर्षाकाठी जितके अहवाल वर जातात, त्यांतले निम्मे 'निरंक' जातात. निरंक म्हणजे काही नाही. शेळीपालन प्रशिक्षणाला किती उमेदवार पाठवले? निरंक. संगणक शिक्षणाला किती? निरंक. शून्य लिहिलं तर वरून विचारणा होते, रकाना मोकळा सोडला तर जास्तच होते. निरंक लिहिलं की प्रकरण शांत होतं. नोकरीत हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की माझं अक्षर त्यात विशेष सुंदर येतं, असं आमचे साहेबही म्हणत.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. ऑगस्टात एक परिपत्रक आलं: आदिवासी उमेदवारांसाठी वैमानिक प्रशिक्षण, प्रत्येक भागातून एक जागा, खर्च शासनाचा. मी ते फलकावर लावलं. कॉलेजात पाठवलं, आश्रमशाळांना पाठवलं, मोखाड्याच्या एसटी स्टँडवर स्वतःच्या हातानं खळ लावून चिकटवलं. शेवटच्या तारखेपर्यंत एकच माणूस आला, आणि त्याला ती विम्याच्या एजंटची जागा वाटली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मी निरंकचा कागद पुढ्यात ओढला. पेन उघडलं आणि मला लिहावंसं वाटेना. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं की शेळ्यांना निरंक लिहिताना जे वाटत नाही ते विमानाला लिहिताना वाटलं. वरच्या कुणा टेबलावर तो कागद जाईल आणि तिथला माणूस म्हणेल, यांच्याकडून दुसरं काय येणार. मी परिपत्रक पुन्हा वाचलं. शिक्षण: दहावी उत्तीर्ण. वय: किमान सतरा वर्षे. कमाल वय कुठंच नव्हतं. लिहायचं कुणीतरी विसरलं होतं. परिपत्रकात ज्याला मनाई नाही त्याला हरकत नाही, हे आमच्या नोकरीचं पहिलं तत्त्व. मी अर्ज घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: तुळशीदास पुंजा महाले, राहणार मूळ साखरशेत, वय बेचाळीस.

माझा अंदाज होता की वर कुणीतरी हसेल आणि अर्ज फेटाळेल. फेटाळला तरी निरंक नव्हता. पण फेटाळायला अर्ज वाचावा लागतो. तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं.

माझी पत्नी निशा प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला जत्रेतल्या पाळण्यात मळमळतं."

"पाळणा गोल फिरतो. विमान सरळ जातं," मी म्हणालो.

ती बराच वेळ भाकऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, "जा तुम्ही. पण उद्या मी शाळेत मुलांना सांगून टाकणार. मग मागं फिरायचं नाही."

तिनं सांगितलं. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या पोरांनी संध्याकाळपर्यंत ही बातमी जामसरपासून दाभोशापर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दाखल्यासाठी आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, विमान घेतला का?" मी म्हणालो, घेतलं नाही, शिकतोय. त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. घेतलं असतं तर त्यांना पटलं असतं.

सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारी लाडक्या राहतो, त्याची दाभोशाच्या लाइनीवर जीप आहे. नऊ माणसांच्या जीपमध्ये तो एकवीस बसवतो आणि स्वतः दाराबाहेर अर्धा लोंबकळत चालवतो. त्यामुळं वाहनशास्त्रात त्याचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, टेन्शन लेनेका नाय. वर समोरून डंपर येत नाय, वळणावर गुरा बसलेली नसतात. घाटापेक्षा सोपा हाय." समोरच्या सोमी वहिनी अंगणवाडीत आहेत. त्यांनी विमानात बसण्याआधी आंबट खायचं नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरलेलंही ठेवायचं नाही, असं सांगितलं. पोट नेमकं कसं ठेवायचं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता कागदपत्रं. इतरांच्या कागदांत मी जेवढ्या त्रुटी आयुष्यभर काढल्या, त्या सगळ्या मला व्याजासकट परत मिळाल्या. पहिली हरकत माझ्याच साहेबांनी घेतली. विमान हे वाहन असल्यामुळं कागदपत्रांसोबत वाहन चालवण्याच्या परवान्याची प्रत जोडावी, असा शेरा त्यांनी मारला. माझ्याकडं परवाना नव्हता. सायकल सोडून मी काहीही चालवलेलं नव्हतं. मी तोंडी सांगून पाहिलं की विमानाला याची गरज नसते. ते म्हणाले, "महाले, तुम्हीच असा शेरा मारला असता की नाही?" मारला असता.

मग तीन आठवडे लाडक्यानं मला जीप शिकवली. शिकवायला वेगळा वेळ त्याच्याकडं नव्हता, म्हणून प्रवाशांसकट शिकवली. साखरशेताच्या उतारावर मी पहिल्यांदा ब्रेकऐवजी क्लच दाबला तेव्हा मागून एका बाईनं शांतपणे विचारलं, "ह्योच का तो इमानवाला?" आणि पुढच्या वळणावर ती, तिची कोंबडी आणि आणखी सहा जण उतरून चालत निघून गेले. हा अपमान मी गिळला. परवाना मिळाला.

त्यानंतर चारित्र्य पडताळणी. पोलीस ठाण्यातून जमादार घरी आले, चहा घेतला, छापील प्रश्न विचारले आणि शेवटी स्वतःचा एक प्रश्न विचारला.

"विमान रात्री कुठं लावणार?"

मी सांगितलं की विमान क्लबचं आहे, ते नाशिकच्या पलीकडं माळावर असतं, इथं येणार नाही. त्यांनी आमच्या अंगणाकडं, तिथल्या लाडक्याच्या जीपकडं आणि दोरीवरच्या कपड्यांकडं पाहिलं आणि अहवालात लिहिलं: अर्जदाराकडे विमान ठेवण्याजोगी जागा नाही, तथापि चारित्र्य चांगले आहे.

वैद्यकीय तपासणी मात्र मी मानानं पार पाडली. डॉक्टरांनी डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. माझ्याआधीची कॉलेजातली दोन पोरं डोलून पडली होती. मी उभा राहिलो तो राहिलोच. डॉक्टर म्हणाले, "पुरे. योगासनं करता का?" मी म्हणालो, "नाही साहेब. लहानपण भातखाचराच्या बांधांवर गेलं."

डिसेंबरात मी मोखाडा-त्र्यंबकमार्गे एसटीनं क्लबवर पोचलो. रखवालदारानं माझ्या हातातली पिशवी, डोक्यावरची मफलर आणि कानशिलावरचे पांढरे केस बघून मला 'पालकांसाठी' लिहिलेल्या बाकावर बसवलं. मी तासभर बसलो. कुणाची वाट बघताय म्हणून विचारायला आली ती कॅप्टन प्रगती, आमची प्रशिक्षक. वय अठ्ठावीस. मी सांगितलं की मीच विद्यार्थी आहे. तिनं यादी बघितली, मला बघितलं, पुन्हा यादी बघितली.

"महालेजी," ती म्हणाली, "तुमच्या पत्रात एक अट आहे, वाचली असेलच. एकतीस मार्चच्या आत तुम्ही एकट्यानं पहिलं उड्डाण केलं नाही, तर जागा रद्द. आणि पुढच्या वर्षी तुमच्या भागाला जागा मिळणार नाही."

अट मी वाचलेली होती. पण वाचलेली अट आणि कुणीतरी तोंडावर सांगितलेली अट यांत फरक असतो. अर्ज भरताना वाटलं होतं की मी माझं नाव लिहितोय. आता कळलं की मी जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके लिहून बसलो होतो. मी नापास झालो, तर उद्या तिथल्या एखाद्या पोरीला खरंच यावंसं वाटलं तरी तिच्यासाठी दार बंद, आणि ते मी बंद केलेलं.

विमान दोन माणसांचं, उंचीला एवढं लहान की पंखाखालून जाताना मान वाकवावी लागे. पहिल्याच दिवशी एका गोष्टीत माझं नाव झालं. उडण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून एकेक भाग यादीप्रमाणं तपासायचा असतो. तेल, टायर, बिजागऱ्या, टाकीतलं थोडं इंधन पेल्यात काढून त्यात पाणी तर नाही ना हे बघणं. इतर पोरं हे काम पाच मिनिटांत उरकत. मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधलेला माणूस. मला डावं चाक निसटू न देणाऱ्या कॉटर पिनेचं एक टोक तुटलेलं सापडलं. कॅप्टननं बघितलं, मेकॅनिकला बोलावलं आणि त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना सांगितलं, "हे बघा, असं तपासतात." पोरं मला 'काका' म्हणत. त्या दिवसापासून आदरानं म्हणायला लागली.

हा आदर पाऊण तास टिकला.

जमिनीवर विमान वळवायचं ते पायांनी. हातातलं चाक तिथं काही कामाचं नसतं. ज्यानं आयुष्यात काहीच चालवलेलं नाही त्याला हे सोपं जातं. मला तीन आठवडे लाडक्यानं शिकवलं होतं. समोर वळण आलं, मी चाक गरकन डावीकडं फिरवलं, विमान सरळच गेलं. मी आणखी फिरवलं, विमान आणखी सरळ गेलं आणि धावपट्टीकडं जायच्या रस्त्यावरून उतरून गवतात शिरलं. कॅप्टननं इंजिन बंद केलं.

"तुम्हाला गाडी येते का?" तिनं विचारलं.

"नुकतीच शिकलो," मी म्हणालो. "कार्यालयाची अट होती."

"विसरा," ती म्हणाली.

दुसरी अडचण रेडिओची. टॉवरशी इंग्रजीत बोलायचं, थोडक्यात आणि ठरलेल्या शब्दांत. माझं इंग्रजी अर्जाचं. बटण दाबलं की माझ्या तोंडून आपोआप निघे, "रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम रेडी फॉर टेक-ऑफ." टॉवरवाल्याला सुरुवातीला वाटलं की कुणी चेष्टा करतंय. चौथ्या दिवशी तोही बदलला आणि म्हणाला, "युवर रिक्वेस्ट इज सँक्शन्ड." इतक्या झटपट मंजुरी मला सेवेत दुसरी मिळालेली नाही.

उडायला मात्र मला आवडलं, हे इथं नोंदवून ठेवतो. मळमळलं नाही. चाकं जमीन सोडतात तेव्हा खालचा सगळा खडखडाट एकदम थांबतो, आणि त्या क्षणी मला दर वेळी कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटे. वर मी चांगलाच चालवायचो. उंची ठरल्याप्रमाणं, वेग ठरल्याप्रमाणं. गोची उतरण्यात होती.

उतरताना शेवटच्या क्षणी, जमीन अगदी जवळ आल्यावर, विमानाचं नाक हळूच उचलून धरायचं असतं, म्हणजे ते अलगद बसतं. माझं बसत नसे. आपटे, उडे, पुन्हा आपटे, पुन्हा उडे, आणि कॅप्टन दात आवळून चाक स्वतःकडं घेई. जानेवारी गेला. बाकीची पोरं एकेक करून एकट्यानं उडाली. फेब्रुवारी गेला. मी रजा जोडून जोडून जात होतो, रविवारी रात्री जव्हारला परत येत होतो आणि सोमवारी सकाळी फलकापाशी कुणीतरी विचारीच, "काय भाऊसाहेब, अजून शिकताच का?" लाडक्याचा आता माझ्यावरचा विश्वास उडाला होता. तो म्हणे, "ब्रेक आधी मारायला पायजे." विमानाला हवेत ब्रेक नसतो हे त्याला पटत नव्हतं. ज्या वाहनाला ब्रेक नाही ते सरकार चालवूच कसं देतं, असं त्याचं म्हणणं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॅप्टननं मला बाजूला घेतलं. "महालेजी, तुम्ही सगळ्यात जास्त मेहनत करता. पण अशानं मी तुम्हाला एकट्याला सोडू शकत नाही. तुम्ही शेवटी नाकासमोरच्या जमिनीकडं बघता. लांब बघा, धावपट्टीच्या टोकाकडं. मी किती वेळा सांगितलं?"

तिनं चाळीस वेळा सांगितलं होतं, मी मोजलं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. आयुष्य ज्याचं हातभर अंतरावरच्या कागदात गेलं, तो ऐन वेळी लांब बघणार कसा?

त्या रविवारी मी घरी न जाता साखरशेतला आई-बाबांकडं गेलो. आई, गोजाबाई, पाणी घेऊन येत होती. मार्चात आमच्या वरच्या विहिरीला पाणी नसतं, खालच्या ओढ्यातून आणावं लागतं. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि पायाखाली वीतभर रुंदीचा बांध. मी खालच्या खाचरात उभा राहून बघत होतो. तिनं हंडा उतरवल्यावर मी विचारलं, "आई, बांधावर तू कुठं बघतेस?"

तिला प्रश्न समजला नाही. मी पुन्हा विचारला.

"पायाकं बघला तर पडशील," ती म्हणाली. "मी आपली घराच्या कौलाकं बघत येतंय. पाय त्यांचा ते बघतात."

मी तिथंच, बेचाळीस वर्षांचा वरिष्ठ लिपिक, डोक्यावर रिकामी कळशी घेऊन तो बांध सहा वेळा चाललो. पहिल्यांदा खाली बघितलं आणि कळशी पडली. मग घराच्या कौलांकडं बघत गेलो. बाबा, पुंजा त्यांचं नाव, ओसरीवर विडी ओढत हे सगळं बघत होते. त्यांनी आईला विचारलं, "ह्याला सरकार ह्येच शिकवतंय का?"

पण पुढच्या खेपेला मी धावपट्टीच्या टोकाला जे एकटं बाभळीचं झाड आहे ते आमचं कौल मानलं. विमान बसलं. अगदी गादीवर बसल्यासारखं नाही, घोंगडीवर बसल्यासारखं. कॅप्टननं चाकाला हात लावला नव्हता. असं नऊ वेळा बसलं. मग ती म्हणाली, "शनिवारी या. बघू."

शनिवारी सत्तावीस मार्च होती. मी एसटीडी बूथवरून निशाला एवढंच कळवलं की शनिवारी बघणार आहेत. निशा पुन्हा शाळेत बोलली असणार. शनिवारी सकाळी नऊ वाजता क्लबच्या फाटकात लाडक्याची जीप उभी राहिली. तीतून निशा, सोमी वहिनी, माझे आई-बाबा, लाडक्याची पुतणी फागी आणि आणखी सहा माणसं उतरली. ही आई, हे बाबा, असं मी कॅप्टनला सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "चला, वारा चांगला आहे."

आम्ही दोघांनी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्यांदा उतरल्यावर तिनं धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावलं, इंजिन चालूच ठेवलं, दार उघडलं, हातात एक छोटा रेडिओ घेतला आणि उतरली. "एक चक्कर मारून या," ती म्हणाली. "मी इथं उभी आहे." दार लागलं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिथला पट्टा बांधून ठेवायचा असतो. तो मी यादीप्रमाणं बांधला.

एक माणूस कमी झाला की विमान हलकं होतं. हे मला पाठ होतं, तरी ते इतक्या चटकन उचललं गेलं की माझा श्वास मागं राहिला. हजार फुटांवर मी सरळ झालो, डावीकडं वळलो, पुन्हा वळलो. हात त्यांचं काम करत होते, आणि मी यादीतली कलमं मोठ्यानं म्हणत होतो, मराठीत, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटचं वळण घेऊन मी बाभळीवर नजर लावली. वेग बरोबर, उंची बरोबर. आणि धावपट्टीच्या ऐन मध्यात एक तांबडी गाय उभी होती. क्लबला कुंपण होतं, पण आमच्या बऱ्याच गोष्टी असतात तसं ते कागदावर जास्त होतं. असं झालं की काय करायचं ते शिकवलेलं असतं. पूर्ण ताकद द्यायची आणि पुन्हा वर जायचं. मी गेलो. गाईनं मान वर करून बघितलं.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. आमची मंडळी समजली की मी हौसेनं आणखी एक चक्कर मारतोय. टाळ्या वाजल्या. फक्त लाडक्यानं ओळखलं की अडचण गाईची आहे, आणि वाहतुकीचा अनुभव असलेला माणूस म्हणून त्यानं ती स्वतःच्या हातात घेतली. मी दुसऱ्यांदा बाभळीवर नजर लावली तेव्हा गाय नव्हती. धावपट्टीवरून हॉर्न वाजवत जीप धावत होती आणि गाय तिच्या पुढं पळत होती.

मी पुन्हा वर गेलो आणि बटण दाबलं. आवाज शांत ठेवायचा असतो, तो मी ठेवला. "रिस्पेक्टेड मॅडम," मी म्हणालो, "वन जीप इज ऑन द रनवे. इट इज नोन टू मी."

थोडा वेळ रेडिओवर नुसती खरखर आली. मग कॅप्टनचा आवाज आला, तोही शांत, आणि मराठीत. "महालेजी, घाई करू नका. इंधन भरपूर आहे. जीप मी काढते."

तिसऱ्या फेरीत वर एक क्षण असा आला की मला भीती वाटायची राहून गेली. खाली गाय, जीप, माझे आई-बाप, माझी नोकरी, एकतीस मार्च, सगळं होतं, आणि वर फक्त मी होतो. मला इथं कुणी घेऊन आलेलं नव्हतं. मी वळलो. जीप गवतात उभी होती, शेजारी लाडक्या, त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून कॅप्टन. धावपट्टी मोकळी. मी बाभळीकडं बघत राहिलो. हलकं विमान उतरायला तयार होईना, तरंगत राहिलं, आणि मी खाली बघितलं नाही. मग चाकं टेकली. एकदा किंचित उसळलं, पण ते अहवालात घेण्याजोगं नव्हतं.

इंजिन बंद करून मी खाली उतरलो. निशा धावत आली नाही, ती तशी नाही. ती जागेवर उभी राहून पदरानं चष्मा पुसत होती. मी तिच्याकडं निघालो, तोच मागून क्लबच्या पोरांनी बादलीभर थंड पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्या माणसावर पाणी ओतायची तिथं रीत आहे. आमच्या माणसांना ती माहीत नव्हती. लाडक्या बाह्या सावरत पुढं आला. पण त्याच्याआधी माझी आई पुढं झाली आणि तिनं त्या पोराच्या हातातली बादली काढून घेतली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"बादलीभर पानी असा ओततात का?" ती त्या पोरांना म्हणाली. "आमच्याकडं दोन कोस जावा लागतं." आणि उरलेलं पाणी तिनं क्लबच्या दारातल्या तगरीच्या बुंध्याशी ओतलं. पोरांनी माना खाली घातल्या. कॅप्टन तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाला उतरायला तुम्हीच शिकवलंत, ते मला त्यांनी सांगितलंय." आईला यातलं काही समजलं नाही, पण पोरगी वाकली हे तिला आवडलं.

लॉगबुकात एक रकाना असतो, विमान कुणाच्या हुकमतीखाली होतं त्याचा. तोवर प्रत्येक ओळीत तिथं कॅप्टनचं नाव होतं. त्या दिवशी मी ओल्या बोटांनी तिथं माझं नाव लिहिलं आणि वेळ लिहिली, वीस मिनिटं. इतरांची पहिली खेप सहा-सात मिनिटांची असते. गाईचे आणि लाडक्याचे मी आभार मानतो.

सगळे विमानाभोवती जमले. सोमी वहिनींनी पंखाला हात लावून बघितला आणि पत्राच आहे म्हणाल्या. लाडक्या कॅप्टनला सांगत होता की ब्रेक अजून एक बसवून घ्या. फागी बारावी सायन्स झालेली, घरीच होती. ती खिडकीतून आतले काटे बघत होती. मग माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, तो अर्ज अजून हाय का तुमच्याकडं?" मी म्हणालो, जागा आता शाबूत आहे, ऑगस्टात नवीन परिपत्रक येईल, आणि ते मी स्वतः तिच्या घरी आणून देईन. मी माझ्या नोकरीत आजवर कुणाला काही घरपोच दिलेलं नाही.

बाबा लांब उभे होते. त्यांनी विमानाला एक पूर्ण फेरी मारली, वाकून चाकं बघितली, शेपूट बघितलं, बैल बघतात तसं. मग माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

"तुळश्या," ते म्हणाले, "वर गेलास, तीन चकरा मारल्यास. काय दिसला?"

मी आठवून बघितलं. वेगाचा काटा दिसला होता, उंचीचा काटा दिसला होता, बाभूळ दिसली होती, गाय दिसली होती. डोंगर, नदी, गावं, आभाळ यांतलं काहीच मी बघितलेलं नव्हतं.

"काय नाय दिसला, बाबा," मी खरं ते सांगितलं. "निस्ता काटा."

त्यांनी विमानाकडं बघितलं, मग आभाळाकडं.

"मंग जा परत," ते म्हणाले. "आम्ही बसताव हिथं. नीट बघून ये."